उजव्या सीटवरचे तास

ताई, मी मूळचा सांगलीचा. बाबांचं मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान आहे. मी फ्लोरिडात ओकालाजवळ फ्लाइंग शिकलो आणि आता इथंच इन्स्ट्रक्टर आहे, सिंगल इंजिनचा. मल्टीचं (एकाहून जास्त इंजिनांच्या विमानाचं) कमर्शियल लायसन्स आहे, पण मल्टीचं इन्स्ट्रक्टर रेटिंग नाही. ओपीटीचे (शिक्षणानंतर इथं काम करायच्या परवानगीचे) साडेचार महिने उरलेत. एकूण तास ११८०. दीड हजार झाले की इथं एटीपी (एअरलाइन पायलटचं लायसन्स) करायचं आणि परत यायचं असा विचार आहे. रूममेट आणि दोन-तीन मित्र सगळे लायसन्सवाले पायलट. ते सुट्टीच्या दिवशी विमान भाड्यानं घेतात, मी शेजारी बसतो. सगळे म्हणतात, इन्स्ट्रक्टर उजवीकडे बसला की ते तास लॉगबुकात पीआयसी (विमानाचा मुख्य पायलट) आणि ‘ड्युअल गिव्हन’ (दिलेली शिकवणी) म्हणून लिहायचे, त्यात काय. असे ७४ तास लिहिलेत. त्यातले काही मित्राच्या सेमिनोल या दोन इंजिनांच्या विमानातले आहेत. गेल्या शनिवारी दिवसभर विद्यार्थ्यांबरोबर ६.४ तास झाले, संध्याकाळी रूममेटबरोबर सीडर कीला जेवायला जाऊन आलो, जाता-येता किनाऱ्यावरून भटकलो, ते २.१. हे बरोबर आहे का? रूममेटच्या लॉगबुकात मी सही करतो म्हटलं तर तो हसतो.
— एक वाचक, फ्लोरिडा

सांगलीकरा,

आधी शनिवारचं बघू. ६.४ आणि २.१ मिळून साडेआठ. अमेरिकेत इन्स्ट्रक्टरला कुठल्याही सलग २४ तासांत ८ तासांपेक्षा जास्त फ्लाइट ट्रेनिंग देता येत नाही. हे तिथल्या विमान नियमावलीच्या कलम ६१.१९५ मध्ये अगदी सुरुवातीलाच आहे. आता तूच सांग, ती संध्याकाळची फेरी शिकवणी होती की नव्हती? होती म्हणालास तर अर्धा तास नियमाबाहेर गेलास. नव्हती म्हणालास तर २.१ तास वहीतून गेले. दोन्हीकडून तूच सापडतोस. ‘त्यात काय’ म्हणणाऱ्यांनी एवढी बेरीज करून दाखवली नसणार.

आता मूळ नियम. ६१.५१ मध्ये लिहिलंय की इन्स्ट्रक्टर ज्या विमानाचा पीआयसी होण्यास पात्र आहे, त्या विमानात तो अधिकृत इन्स्ट्रक्टर म्हणून काम करत असताना झालेला सगळा वेळ पीआयसी म्हणून लिहू शकतो. वाक्य परत वाच. ‘काम करत असताना’. उजव्या सीटचं नाव त्यात कुठंही नाही. डाव्या सीटवर बसून शिकवता येतं आणि उजव्या सीटवर बसून नुसती खिडकीतून मॅनॅटी शोधता येते. सर्टिफिकेट खिशात होतं म्हणून तो वेळ शिकवणीचा होत नाही. तसं असतं तर मी मुंबई-पुणे शिवनेरीत झोपल्याचेही तास लिहिले असते.

पण इथं बरेच जण दुसऱ्या टोकाला जाऊन घसरतात, तेही सांगते. ‘समोरच्याकडे लायसन्स आहे, मग त्याला काय शिकवणार, म्हणजे तास मिळणारच नाहीत.’ हेही चूक. लायसन्सवाल्याला शिकवायला पूर्ण मुभा आहे. दर २४ महिन्यांनी त्याला फ्लाइट रिव्ह्यू करावाच लागतो. इन्स्ट्रुमेंट करन्सी (फक्त उपकरणं बघून उडवण्याचा नियमात बसेल इतका ताजा सराव) जाऊन सहा महिने उलटले असतील तर प्रोफिशियन्सी चेक लागतो. टेलव्हील किंवा कॉम्प्लेक्स अशा खास प्रकारच्या विमानांसाठी सही हवी असते. प्रायव्हेटवाल्याला कमर्शियलच्या परीक्षेतली शँडेल आणि लेझी एट ही वळणं घोटायची असतात. आणि यातलं काहीच नको असेल, फक्त आडव्या वाऱ्यात त्याचं लँडिंग वाकडं होतंय, तरी ती शिकवणीच. त्याला ती कागदोपत्री ‘लागते’ की नाही हे नियम विचारत नाही. शिकवणी झाली का, एवढंच विचारतो.

झाली हे ठरवायचं कसं? तुझ्या बाबांचं दुकान आठव. शेतकऱ्याचा माल काट्यावर चढतो, सौदा होतो, पट्टी फाटते. पट्टीची एक प्रत शेतकऱ्याच्या हातात जाते, मगच दुकानाच्या रोजकीर्दीत आकडा चढतो. बाबा कधी असं करतात का, की शेतकरी नुसता गप्पा मारायला आला, चहा पिऊन गेला, आणि त्याच्या नावावर दहा क्विंटल जमा? तुझ्या वहीतल्या ‘ड्युअल गिव्हन’ला रूममेटच्या वहीत ‘ड्युअल रिसीव्ह्ड’ पाहिजे. त्याच तारखेला, त्याच विमानाच्या नंबरवर, तेवढ्याच तासांचं. शेजारी काय शिकवलं त्याचं वर्णन, तुझी सही, तुझा सर्टिफिकेट नंबर आणि मुदतीची तारीख. ज्याला शिकवलं त्याच्या लॉगबुकात सही करणं इन्स्ट्रक्टरवर बंधनकारक आहे, ती मेहेरबानी नव्हे. (डिसेंबर २०२४ पासून नव्या इन्स्ट्रक्टर सर्टिफिकेटवर एक्सपायरी छापत नाहीत. त्याऐवजी रिसेन्ट एक्सपीरियन्स कुठवर आहे ती तारीख घालायची. तुझं कार्ड कुठलं आहे ते बघून घे.)

रूममेट हसतो ना सही करतो म्हटल्यावर? मग उत्तर तिथंच मिळालं. ज्याला आपण शिकलो असं वाटतच नाही, त्याच्या नावावर शिकवणीचे तास कसे चढवणार? आणि त्याला आपल्या वहीत हे लिहायची लाज वाटत असेल तर त्याला सांग की त्याचं काहीच कमी होत नाही. तो त्या विमानासाठी रेटेड आहे आणि कंट्रोल एकट्याच्या हातात आहेत, तेव्हा तो वेळ त्याचाही पीआयसी. शिवाय ड्युअल रिसीव्ह्डही. एकाच उड्डाणात दोघांचा पीआयसी लिहिला जातो, हा अमेरिकेचा खास कारभार आहे, आणि इथं तो कायदेशीर आहे.

आता तीच सीडर कीची फेरी खरी शिकवणी कशी झाली असती ते दाखवते, कारण जागा त्यासाठी फार सुंदर आहे. धावपट्टी २,३५५ फूट, दोन्ही टोकांना पाणी. ओकालाच्या लांबलचक डांबरावर उतरणाऱ्याला हे पहिल्यांदा दिसतं तेव्हा पोटात गोळा येतोच. तुम्ही दोघं निघायच्या आधी विमानाच्या शेपटीपाशी उभे राहून पाच मिनिटं बोलला असता: ‘आज शॉर्ट फील्ड. तू उडवणार, मी शिकवणार.’ मग तक्ता उघडायचा. सेसना १७२एस पूर्ण वजनात, समुद्रसपाटीला, ५० फुटांच्या अडथळ्यावरून उतरली तर थांबेपर्यंत सुमारे १,३३५ फूट लागतात, त्यातलं जमिनीवरचं धावणं ५७५. म्हणजे कागदावर हजार फूट शिल्लक. पण हे पुस्तकातलं, नव्या विमानाचं, सरावलेल्या हाताचं. फायनलला, म्हणजे उतरण्याआधीच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, ६१ नॉटऐवजी ७० घेऊन आलास तर ती शिल्लक तरंगण्यात कशी संपते ते त्याला त्याच्या तोंडून सांगायला लावायचं. ‘कुठल्या खुणेपर्यंत चाकं टेकली नाहीत तर तू गो-अराउंड करणार, म्हणजे न उतरता परत वर जाणार?’ उत्तर हवेत नाही, जमिनीवर असतानाच घ्यायचं. मग चार लँडिंग. पहिलं लांब गेलं, दुसऱ्यात पॉवर फार लवकर काढली म्हणून आपटलं, तिसरं बरं, चौथं छान. मग जेवण. परत आल्यावर त्याच्या वहीत दोन ओळी: ‘सीडर की, शॉर्ट फील्ड लँडिंग ४, फायनलचा वेग ६१, गो-अराउंडचा निर्णय’. खाली सही. जेवलात म्हणून शिकवणी बाटत नाही, हे मुद्दाम सांगते. सँडविचच्या वेळात विमानाचे तास मोजणारा हॉब्ज मीटर बंदच असतो.

त्या फेरीतली अजून एक गोष्ट. तू ती क्रॉस-कंट्रीच्या रकान्यात लिहिली असशील तर आधी नकाशावर पट्टी ठेव. ओकाला ते सीडर की सरळ रेषेत ५० नॉटिकल मैल भरत नाही, चाळिशीत संपतं. एटीपीसाठी जी क्रॉस-कंट्री मोजतात तिला निघाल्या ठिकाणापासून ५० मैलांच्या पलीकडे जावं लागतं. किनाऱ्यावरून भटकताना तेवढं लांब गेला होतात का? नसाल तर तो रकाना कोरा ठेव. आणि रूममेटनं केलेली लँडिंग तुझ्या ९० दिवसांच्या करन्सीत धरू नकोस. पॅसेंजर नेण्यासाठी लागणारी तीन लँडिंग तू स्वतः, एकट्याच्या हातानं केलेली हवीत. शिकवणारे इथं हमखास फसतात: वर्षाला आठशे तास उडतात आणि स्वतःच्या हातची तीन लँडिंग शोधायला लागली की डोकं खाजवतात.

सेमिनोलचे तास मात्र इन्स्ट्रक्टर म्हणून शून्य. तुझ्या इन्स्ट्रक्टर सर्टिफिकेटवर मल्टी नाही, म्हणजे त्या विमानात तू इन्स्ट्रक्टर नाहीसच, मित्राला कितीही छान समजावून सांगितलंस तरी. पण ते सगळे फुकट गेले असं लगेच धरू नकोस. मित्र हूड (बाहेरचं दिसू नये म्हणून डोळ्यांवर घालायची झापड) घालून इन्स्ट्रुमेंटचा सराव करत होता का? मग बाहेर बघायला दुसरा पायलट लागतोच, आणि तू मल्टीचं कमर्शियल आणि मेडिकल बाळगणारा सेफ्टी पायलट होतास. निघायच्या आधी दोघांत ठरलं असेल की या उड्डाणाची जबाबदारी तुझी, तर जेवढा वेळ त्याच्या डोळ्यांवर हूड होता तेवढा तू पीआयसी लिहू शकतोस. ठरलं नसेल तर एसआयसी (दुय्यम पायलट). टॅक्सी, टेकऑफ, लँडिंग यांत हूड नसतो, म्हणून ते तुझे नाहीत. क्रॉस-कंट्रीही नाही, एफएएच्या (अमेरिकेच्या विमान नियामकाच्या) कायदा विभागानं २००९ मध्ये ते स्पष्ट केलंय. मित्राच्या वहीत सेफ्टी पायलट म्हणून तुझं नाव असायला हवं. पुन्हा तेच, तुझ्या जमेला त्याच्याकडे नावे. आणि आता, सहा महिन्यांनी, ‘ठरलं होतं’ असं परत ठरवू नका. ते दोघांनाही पचणार नाही.

हूडचा विषय निघालाच आहे तर: सिंगलमध्ये तू खरंच इन्स्ट्रुमेंट शिकवत असशील, तरी मित्राच्या हूडचा वेळ तुझ्या इन्स्ट्रुमेंटच्या रकान्यात येत नाही. तुला बाहेरचं सगळं लख्ख दिसत होतं. खऱ्या ढगात शिकवत असशील तरच येतो.

माझीही एक नोंद सांगते. मी ॲरिझोनात प्रेस्कॉटला शिकवायचे. एका रविवारी मैत्रिणीबरोबर सेडोनाला गेले. टेबलासारख्या डोंगरावर धावपट्टी आहे, लाल दगडांच्या मधोमध. तिच्याकडे कमर्शियल होतं. जाता-येता दऱ्यांवरून हिंडलो, फोटो काढले, वहीत लिहिलं: पीआयसी १.८, ड्युअल गिव्हन १.८. शेरा कोरा. तीन वर्षांनी एका मुलाखतीत पांढऱ्या केसांच्या कॅप्टननं लॉगबुक चाळता चाळता नेमकं तेच पान धरलं. रागानं नाही, अगदी सहज विचारलं, ‘सेडोना! मस्त जागा. या दिवशी काय शिकवलंत?’ मी ‘माउंटन एअरपोर्ट ऑपरेशन्स’ असं काहीतरी पुटपुटले. त्यांनी विचारलं, ‘तिकडच्या उताराबद्दल काय सांगितलंत तिला?’ सेडोनाच्या धावपट्टीला चांगला जाणवेल असा उतार आहे, आणि त्या दिवशी आम्ही त्यावर एक शब्द बोललो नव्हतो. ते नुसतं ‘हं’ म्हणाले आणि पान उलटलं. पुढची सगळी मुलाखत मी त्या ‘हं’च्या खालीच दिली. निवड झाली नाही. कारण त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

आकडा फुगवून हाती काय येतं तेही बघ. हा १५०० चा नियम फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेत बफेलोजवळ झालेल्या प्रवासी विमानाच्या अपघातानंतर आला. २०१० साली कायदा झाला, २०१३ पासून एअरलाइनच्या को-पायलटलाही एटीपी सक्तीचं झालं. गंमत अशी, की त्या विमानातल्या दोन्ही पायलटांचे तास दीड हजारांच्या बरेच वर होते. तास किती, यावरून त्या तासांत काय होतं ते कळत नाही, म्हणून तर मुलाखतीत वही उघडतात.

परत यायचं म्हणतोस, तर भारताचंही बोलू. दोघांनी एकाच वेळी पीआयसी लिहिणं अमेरिकेत चालतं, युरोपात नाही. तिथं शिकवणारा पीआयसी आणि शिकणारा ड्युअल. आपल्याकडे डीजीसीए कमर्शियलसाठी २०० तासांत १०० तास पीआयसी मागतं. तुझ्या मित्रांपैकी कुणी परत येणार असेल तर ‘पीआयसी पण आणि ड्युअल रिसीव्ह्ड पण’ असे तास त्यानं वेगळे काढून ठेवावेत, म्हणजे विचारलं तर एका झटक्यात वजा करता येतील. तूही एक जास्तीचा रकाना आख: लायसन्सवाल्यांना शिकवलेले तास. आपल्याकडे कागद का बारकाईनं बघतात, त्याला कारण आहे. जानेवारी २०११ मध्ये गोव्यात एक प्रवासी विमान नाकाच्या चाकावर उतरवलं गेलं, आणि चौकशीत उतरवणाऱ्याची गुणपत्रिकाच बनावट निघाली. मग एकेक करत अशी आणखी प्रकरणं बाहेर आली. तुझं प्रकरण तसं नाही, मला माहीत आहे. पण टेबलापलीकडचा माणूस तो अनुभव घेऊन बसलेला असतो.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण ती तासांपेक्षा महाग पडू शकते. वहीत ‘इन्स्ट्रक्टर’ लिहिलंस की त्या उड्डाणाची जबाबदारीही तुझ्या नावावर चढते. शिकवणीच्या उड्डाणात कंट्रोल कुणाच्याही हातात असोत, इन्स्ट्रक्टरलाच जबाबदार धरायचं, ही एनटीएसबीच्या (अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या) निकालांतली जुनी भूमिका आहे. उद्या रूममेटनं सीडर कीला विमान पाण्यात घातलं, तर ‘मी नुसता जेवायला गेलो होतो’ हे म्हणताना तुझी वही तुझ्या विरुद्ध साक्ष देईल. विमान ज्यांचं आहे त्यांच्या विम्यात तू त्या विमानावर इन्स्ट्रक्टर म्हणून चालतोस का, हे एकदा लेखी विचारून घे. आणि मित्राकडून शिकवण्याचे पैसे घेत असशील तर तुझ्या व्हिसात ते बसतं का, हे तुझ्या डीएसओला (शाळेतल्या व्हिसाचं बघणाऱ्या अधिकाऱ्याला) विचार. मित्रांना नको, मला पण नको.

तर ७४ तासांचं काय? बसून एकेक नोंद घे. तीन ढीग कर. ज्यात खरंच शिकवलं आणि मित्र सही घ्यायला तयार आहे, त्या ठेव, आणि काय शिकवलं ते आठवत असेल तरच त्याच्या वहीत सही कर, आजच्या तारखेची, मागची तारीख घालून नव्हे. ज्यात हूड होता त्या सेफ्टी पायलटच्या हिशेबानं परत लिही. उरलेल्या काढ. काढायच्या म्हणजे व्हाइटनर लावायचं नाही, पान फाडायचं तर नाहीच. एक सरळ रेघ, खालचं वाचता येईल अशी, शेजारी दुरुस्ती, आद्याक्षरं, तारीख. ॲपवर ठेवत असशील तर जुनी प्रत जपून ठेव आणि शेऱ्यात लिही की दुरुस्त केली. खाडाखोड दिसली म्हणून कुणी हाकलत नाही. जाणूनबुजून केलेली खोटी नोंद मात्र एकच सापडली तरी सगळी सर्टिफिकेटं जाऊ शकतात.

समजा सगळे ७४ गेले. मग ३२० ऐवजी ३९४ तास हवेत. साडेचार महिन्यांत वाटले तर महिन्याला ७१ च्या जागी ८८. फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपारी दोननंतर गडगडाट ठरलेला, म्हणून विद्यार्थी सकाळी साडेसहाला उभे कर. आणि मित्र आहेतच. लायसन्सवाले, उडायची हौस असलेले, विमानाचं भाडं स्वतः भरणारे विद्यार्थी तुझ्या घरातच राहतात. एकाला फ्लाइट रिव्ह्यू लागेल, त्यात निदान एक तास जमिनीवरचा आणि एक तास हवेतला. दुसऱ्याला कमर्शियलची तयारी करायची असेल. रूममेटचा शेवटचा रिव्ह्यू कधी झालाय, ते आज रात्री भांडी घासताना विचार. आणि येत्या शनिवारी सहा तास झाले की थांब. सीडर कीला जायचंच असेल तर मागे बस आणि फोटो काढ.